थंडीचा काळ आणि शाळेच्या परसबागेतील भाजीपाला
(दौंड व शिरूर तालुक्यांतील प्राथमिक शाळांसाठी)

परसबागेसंबंधीची जी पुस्तके शाळांच्या ग्रंथपेट्यांतून आढळतात, त्यांपैकी काही थंड देशांतील बागाइतीच्या आधारे लिहिलेली असतात. त्यांत एक नियम हटकून सांगितलेला असतो. आपल्या गावी शेवटचे दहिवर कोणत्या तारखेस पडते ते शोधून काढावे, त्या तारखेच्या अमुक आठवडे आधी रोपे करावीत, आणि ती तारीख उलटल्यावरच कोवळी रोपे उघड्यावर लावावीत. त्या देशांत हा नियम योग्यच आहे. तेथे पाणी गोठते, पेशींतील रस गोठतो आणि एका रात्रीत अख्खा वाफा काळा पडतो. परंतु दौंड अथवा शिरूर तालुक्यातील शिक्षक हा नियम घेऊन शेवटच्या दहिवराची तारीख शोधू लागला, तर त्यास ती सापडणार नाही. आपल्याकडे दहिवर हा शब्द लोक बहुधा पहाटेच्या जाड दवासच लावतात. पान गोठविणारे खरे दहिवर हा या भागात क्वचित घडणारा प्रकार आहे.

म्हणून थंडीचा विचारच नको, असे मात्र नव्हे. आपल्या भागातील थंडी रोपास एका रात्रीत मारीत नाही. ती त्यास अडवून धरते, किंवा अवेळी फुलावयास लावते. बी पंधरा दिवस मातीत पडून कुजते, टोमॅटोची फुले गळतात, कांद्यास डेंगळे येतात. हे नुकसान सावकाश होत असल्यामुळे त्याचे कारण थंडीत आहे हे पुष्कळदा ध्यानात येत नाही, आणि दोष बियाण्यास किंवा पाणी घालणाऱ्या मुलांस दिला जातो. परसबागेतील भाजी आता दुपारच्या पोषण आहाराच्या भांड्यात जाते. एक वाफा फुकट गेला तर तितक्या दिवसांची मेथी किंवा पालक मुलांच्या ताटातून कमी होतो, आणि महिनाभर झाऱ्याने पाणी घालून हाती काही न आलेला मुलगा पुन्हा उमेदीने कुदळ उचलीत नाही.

प्रथम आपल्याकडील थंडीचे स्वरूप पाहू. पुणे वेधशाळेच्या नोंदींत सर्वांत कमी तापमान १७ जानेवारी १९३५ रोजीचे आहे, ते १.७ अंश सेल्सिअस होते. असा दिवस पिढ्यांतून एखादा. एरवी पुण्यास डिसेंबर व जानेवारीत रात्रीचे सरासरी तापमान ११ ते १२ अंशांच्या आसपास असते आणि कडाक्याच्या लाटेत ते ६ ते ८ अंशांपर्यंत उतरते. ऑक्टोबरात रात्री उबदार असतात; नोव्हेंबरच्या मध्यास पारा १५ अंशांच्या खाली जाऊ लागतो; फेब्रुवारी सरता सरता तो पुन्हा १५ च्या वर येतो. आपल्या कामास या १५ अंशांच्या दोन तारखाच उपयोगी आहेत. दहिवराच्या तारखेऐवजी शिक्षकाने त्या धराव्यात. साधारणपणे १५ नोव्हेंबर ते फेब्रुवारीअखेर हा आपला ‘थंडीचा काळ’. त्याच्या मध्यभागी, म्हणजे डिसेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यापासून संक्रांतीनंतरच्या आठवड्यापर्यंत, थंडीचा कळस असतो.

येथे वर्गातील एखादा चौकस विद्यार्थी विचारील की, सर्वांत लहान दिवस २१-२२ डिसेंबरचा, मग थंडी जानेवारीतही तितकीच का? त्याचे उत्तर असे की, जमीन दिवसा जी उष्णता मिळविते त्यापेक्षा रात्री अधिक घालविते, तोपर्यंत ती निवतच जाते. दिवस वाढू लागला तरी जमाखर्च लगेच जुळत नाही. चुलीवरचे भांडे खाली उतरविल्यावर विस्तव पुन्हा पेटविला, तरी ते लगोलग तापत नाही, तसेच हे.

एकाच तालुक्यात थंडी सर्वत्र सारखी नसते, ही गोष्ट शिक्षकांनी विशेष लक्षात घेतली पाहिजे. निरभ्र आणि निवांत रात्री जमीन आपली उष्णता आकाशाकडे टाकते. तिला लागून असलेली हवा गार व जड होते आणि पाण्याप्रमाणेच उताराने वाहत जाऊन ओढ्यानाल्यांच्या व नदीच्या खोलगट भागात साचते. म्हणून राहू, पारगाव, मांडवगण फराटा यांसारख्या भीमाकाठच्या व नदीखोऱ्यातील गावी पहाट जितकी बोचरी असते, तितकी ती कुरकुंभच्या किंवा पाबळच्या बाजूच्या माळावर नसते. माळावर वारा मात्र अधिक लागतो. महाबळेश्वरचे उदाहरण यासाठी फार बोलके आहे. तेथील वेण्णा तलावाच्या व लिंगमळ्याच्या सखल भागात हिवाळ्यात दवाचे हिमकण झाल्याच्या वार्ता वर्तमानपत्रांतून येतात. त्याच पहाटे गावातील वेधशाळेचा पारा मात्र कितीतरी वर असतो. नाशिक जिल्ह्यातील निफाड हेही असेच सखल नदीखोऱ्यातील ठिकाण. तेथे २०१८ च्या डिसेंबरअखेर पारा २ अंशांच्याही खाली गेला आणि द्राक्षबागाइतदारांची झोप उडाली. तेव्हा ‘आज पुण्यास १० अंश’ असे आकाशवाणीवर ऐकले, तरी आपल्या ओढ्याकाठच्या शाळेत तितकेच असेल असे समजू नये.

या विषयाचे मोठे काम आपल्या पुण्यातच झाले आहे, हे मुलांना अवश्य सांगावे. हवामान खात्याचा कृषि-हवामानशास्त्राचा विभाग पुण्यास १९३२ साली सुरू झाला आणि डॉ. एल. ए. रामदास यांनी त्याची धुरा वाहिली. त्यांनी व त्यांचे सहकारी आत्मनाथन यांनी त्याच वर्षी एक चमत्कारिक निरीक्षण प्रसिद्ध केले. निरभ्र, वारा नसलेल्या रात्री सर्वांत गार थर अगदी जमिनीस लागून असावा अशी सर्वांची समजूत होती. रामदासांना उघड्या जमिनीवर तो थर जमिनीपासून वितीच्या आसपास उंच असल्याचे आढळले. जगातील शास्त्रज्ञांस हे प्रथम पटले नाही. उपकरणांत दोष असावा असे कित्येकांस वाटले. पुढे निरनिराळ्या ठिकाणी तेच आढळले, आणि आता त्या थरास रामदासांचेच नाव दिले जाते. आपल्या दृष्टीने यात एक व्यवहाराची गोष्ट आहे. भिंतीवर माणसाच्या उंचीवर टांगलेला तापमापक जे दाखवितो, त्यापेक्षा वीतभर उंचीच्या रोपाच्या शेंड्यास सोसावी लागणारी थंडी तीनचार अंशांनी अधिक असू शकते. तापमापकावर ८ दिसत असता कोवळ्या टोमॅटोच्या रोपाभोवती ५ असणे अशक्य नाही.

आता पिकांकडे वळू. मेथी, पालक, कोथिंबीर, मुळा, गाजर, कोबी, फ्लॉवर, वाटाणा व कांदा यांना थंडी मानवते. भेंडी, गवार, चवळी, काकडी, दोडका, कारले, दुधी यांना ती मानवत नाही. टोमॅटो, वांगी व मिरची मधली. त्यांची झाडे थंडीत जगतात, पण फळ धरावयास कुरकुरतात. रात्रीचे तापमान १२-१३ अंशांच्या खाली राहिले की टोमॅटोचे परागकण नीट तयार होत नाहीत आणि फुले गळतात. एवढी वर्गवारी बहुतेक शिक्षकांस ठाऊक असते. परंतु थंडी मानवणारे पीक थंडीत केव्हाही लावले तरी चालते असा जो समज आहे, तो बरोबर नाही. या पिकांपैकी पुष्कळांना उगवताना ऊब लागते आणि वाढताना थंडी. म्हणून त्यांची पेरणी ऑक्टोबरात, जमीन अजून उबदार असताना व्हावी आणि वाढ थंडीत व्हावी. डिसेंबरात थंडी पडली म्हणून मग गाजर पेरणारा माणूस दीड महिना मागे पडलेला असतो.

कांद्याविषयी थोडे विस्ताराने लिहिणे जरूर आहे. कारण शिरूरच्या बाजूस तो केवळ शाळेच्या वाफ्यापुरता विषय नाही, मुलांच्या घरची वर्षाची मिळकत त्यावर असते. उन्हाळी कांद्याचे बी ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत गादीवाफ्यावर टाकतात, दीडदोन महिन्यांनी डिसेंबरपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत रोपांची लागण करतात आणि एप्रिलमध्ये कांदा काढतात. ही मुदत परंपरेने ठरली, पण तिच्या दोन्ही कडांना शास्त्र आहे. कांद्याचे रोप अगदी लहान असताना थंडीचा त्यावर फारसा परिणाम होत नाही. ते पेन्सिलीइतके जाड झाल्यावर मात्र १०-१२ अंशांच्या व त्याखालील रात्री त्यास लागोपाठ मिळाल्या, तर आपला हिवाळा पुरा झाला असे समजून ते फुलावयाच्या मार्गास लागते. त्यासच आपण डेंगळा म्हणतो. डेंगळा आलेला कांदा पोकळ दांड्याचा होतो, वखारीत टिकत नाही आणि बाजारात त्यास भाव येत नाही. ज्याने सप्टेंबरातच घाईने बी टाकले, त्याची रोपे ऐन जानेवारीत जाड झालेली असतात. म्हणून डेंगळे त्याच्याच शेतात अधिक. उलट ज्याने फेब्रुवारीत लागण केली, त्याचे रोप पात पुरती वाढण्याआधीच वाढता दिवस व वाढते ऊन यांच्या कात्रीत सापडते. दिवस मोठा झाला की कांदा पोसावयास लागतो, मग पात चार असोत की दहा. पात थोडी म्हणून कांदा चिंगळी. लवकर लावल्यास डेंगळा, उशिरा लावल्यास चिंगळी, आणि मधली वाट महिना-दीड महिन्याची.

गंमत अशी की, कांद्याचे बी तयार करणाऱ्या शेतकऱ्यास हाच डेंगळा हवा असतो. तो ऑक्टोबर-नोव्हेंबरात मुद्दाम मोठे कांदे जमिनीत लावतो, थंडीने त्यांना गोंडे येऊ देतो आणि उन्हाळ्याच्या तोंडी बी धरतो. शाळेत पाचसहा कांदे असे लावून ठेवले, तर एका पिकाचे हे दोन्ही चेहरे मुलांस प्रत्यक्ष पाहावयास मिळतील. राजगुरुनगर येथे १९९८ पासून कांदा व लसूण यांवरील राष्ट्रीय संशोधन संस्था आहे; भीमा शक्ती व भीमा किरण या रब्बीस योग्य अशा जाती तिनेच दिल्या. जातीमुळे डेंगळ्यांचे प्रमाण कमीअधिक होते. तारीख चुकल्याचे नुकसान मात्र चांगल्या जातीनेही पुरते भरून निघत नाही.

फ्लॉवरचीही तऱ्हा कांद्यासारखीच. हळव्या, म्हणजे लवकर येणाऱ्या जातीचे रोप उशिरा थंडीत लावले, तर झाड वाढण्यापूर्वीच सुपारीएवढा गड्डा धरून बसते. गरव्या जातीचे रोप लवकर लावले तर पालाच पाला होतो, गड्डा दिसत नाही. बियाण्याच्या पाकिटावर जात हळवी की गरवी हे वाचल्यावाचून फ्लॉवरचे बी टाकू नये.

आता तारखा कशा ठरवाव्यात याविषयी. आपल्याकडील शेतकरी नक्षत्रांवर पेरण्या करतो आणि ते शहाणपणाचे आहे. कारण ही सूर्यनक्षत्रे असून इंग्रजी महिन्यांच्या तारखांशी त्यांचा मेळ वर्षानुवर्षे कायम राहतो. हस्त सप्टेंबरच्या अखेरीस लागतो, चित्रा १०-११ ऑक्टोबरास, स्वाती २३-२४ ऑक्टोबरास. ‘चित्रात गाजर, स्वातीत वाटाणा’ असे बांधून घेतले तर चूक होण्याचा संभव थोडा. परंतु अलीकडे पुष्कळ घरी व शाळांतही ‘दिवाळी झाली की’ अशी भाषा ऐकू येते, ती मात्र धोक्याची आहे. दिवाळी चंद्राच्या तिथीवर येते. २०२३ साली अधिक श्रावण आल्यामुळे लक्ष्मीपूजन १२ नोव्हेंबरास झाले. २०२५ साली ते २१ ऑक्टोबरास होते. तीन आठवड्यांचा हा फरक आहे. २०२५ साली दिवाळीनंतर लगेच टाकलेले कांद्याचे बी अगदी वेळेवर पडले. तोच ठोकताळा २०२३ साली धरणाऱ्याचे बी मुदतीच्या शेवटच्या दिवसांत गेले. दिवाळी हा परसबागेच्या वेळापत्रकाचा खुंटा करू नये.

तरीही शाळेस दिवाळी विसरता येत नाही, कारण सुटी. ऑक्टोबरात टाकलेले बी आणि दिवाळीची सुटी ही एकमेकांवर येतात. गाजराचे बी आठ ते बारा दिवसांनी उगवते आणि तोपर्यंत वरची माती सुकू देता येत नाही. दिवाळी लवकर असेल त्या वर्षी गाजर, कोथिंबीर ही ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यातच पेरून सुटीपूर्वी उगवून घ्यावीत. ते साधले नाही तर वाफ्यावर ओले गोणपाट अंथरून शाळेजवळ राहणाऱ्या चार मुलांच्या पाळ्या लावाव्यात. अंकुर दिसताच गोणपाट काढणे मात्र त्यांनी चुकवू नये. मेथी तीनचार दिवसांत उगवते; तिची फारशी काळजी नाही. तिचे लहान वाफे पंधरा-पंधरा दिवसांच्या अंतराने टाकीत गेल्यास ऑक्टोबरपासून जानेवारीपर्यंत भाजी सलग मिळते.

मागे मोजून तारीख काढण्याचा एक चांगला धडा भोगीच्या भाजीवर घेता येतो. संक्रांतीच्या आदल्या दिवशी, बहुधा १३ जानेवारीस, घरोघर बाजरीच्या भाकरीबरोबर जी मिसळीची भाजी होते, तिच्यात गाजर, वाटाणा, हरभऱ्याचे सोलाणे, घेवडा, वांगी हे सारे थंडीचे पीक असते. ही भाजी शाळेच्या वाफ्यांतून व्हावी असे ठरविले, तर गाजर ९० दिवसांचे म्हणून १५ ऑक्टोबरास, हरभरा ८५ दिवस धरून २० ऑक्टोबरास आणि वाटाणा ७३ दिवस धरून १ नोव्हेंबरास पेरावा लागतो. वांगी व घेवडा यांची सोय पावसाळ्यातच झालेली असली पाहिजे. तिसरी-चौथीच्या मुलांनी दिनदर्शिका पुढे घेऊन हे दिवस स्वतः मोजावेत. महिन्याचे ३० व ३१ दिवस यातून जितके पक्के होतात, तितके पाठांतराने होत नाहीत.

थंडीची लाट आलीच तर काय करावे? पहिला उपाय पाण्याचा. ओली माती दिवसाची उष्णता कोरड्या भुसभुशीत मातीपेक्षा अधिक साठविते आणि रात्री ती हळूहळू सोडते. म्हणून कडाक्याच्या संध्याकाळी वाफ्यांस हलके पाणी द्यावे. विहिरीचे किंवा कूपनलिकेचे पाणी हिवाळ्यात कोमट असते, तेही उपयोगी पडते. दुसरा उपाय पांघरुणाचा. दौंड तालुका उसाचा. पाचटाची वाण नाही. रोपवाटिकेवर काठ्यांचा कमरेएवढा मांडव करून त्यावर सूर्यास्तापूर्वी पाचट अथवा गोणपाट टाकावे आणि ऊन आल्यावर काढावे. पांघरूण थंडी ‘अडवीत’ नाही. जमिनीतून आकाशाकडे जाणारी उष्णता ते रोखते, हा भेद मुलांस समजावून द्यावा. पाचट पेटवून धूर करण्याची चाल काही ठिकाणी आहे. लहान वाफ्यास तिचा लाभ फार थोडा, आणि ज्या पाचटाचे खत व्हावयाचे त्याची राख होते. शाळेत मुलांदेखत ते करू नये असे माझे मत आहे. माळावरील शाळांनी उत्तर व पूर्व बाजूस मक्याच्या किंवा शेवरीच्या दोन ओळी दाट लावाव्यात, म्हणजे गार वारा तुटतो.

याबरोबर हेही सांगितले पाहिजे की, आपल्या भागात डिसेंबरात भाजीपाल्याचे जे नुकसान होते, ते पुष्कळदा थंडीमुळे होतच नाही. आभाळ भरून येते, पहाटे धुई पडते, रात्री उबदार होतात आणि चारसहा दिवसांत मावा, भुरी, करपा दिसू लागतात. लोक त्यासही ‘थंडीने गेले’ असेच म्हणतात. ढग हे जमिनीवरचे पांघरूणच असल्याने ढगाळ रात्री पारा वर असतो. तापमापकाची वही ठेवली असेल तर हा उलगडा तत्काळ होतो. त्या दिवसांत संध्याकाळचे पाणी बंद करून ते सकाळी द्यावे, म्हणजे पाने रात्रभर ओली राहत नाहीत. कडाक्यासाठी सांगितलेला उपाय ढगाळ हवेत अपाय ठरतो, तो असा.

वही ठेवण्याचे काम अवघड नाही. कमाल-किमान तापमापक शाळेच्या उत्तरेकडील सावलीत, भिंतीपासून थोडा दूर आणि जमिनीपासून सव्वा ते दीड मीटर उंचीवर टांगावा. परिपाठापूर्वी एका मुलाने रात्रीचा नीचांक वाचून लिहावा; त्याच्यापुढे आभाळ निरभ्र की ढगाळ, वारा, दव, धुई एवढेच. दुसरा साधा तापमापक मिळाल्यास तो वाफ्यात वीतभर उंचीच्या काठीस बांधून पहाटे पाहावा आणि दोहोंतील फरक नोंदवावा. रामदासांचे निरीक्षण मुलांच्या हाती येईल. पाच वर्षांची वही झाली की १५ अंशांच्या त्या दोन तारखा आपल्या गावापुरत्या ठरतात. शेजारच्या गावच्या शाळेची वही पडताळून पाहिल्यास खोलगट जागा कोणती व उंच कोणती हेही आकड्यांत दिसते.

उन्हाळी भाज्यांची घाई पुष्कळ शाळांत जानेवारीच्या आरंभीच सुरू होते, कारण एप्रिलअखेर परीक्षा व मग सुटी, तोवर भेंडी-काकडी खावयास मिळावी ही इच्छा. इच्छा योग्य आहे, पण गार मातीत टोकलेले भेंडीचे बी उगवत नाही. मातीचे तापमान १७-१८ अंश होईपर्यंत ते नुसते फुगून कुजते. यास तोड अशी की, काकडी, दोडका, दुधी यांचे बी रात्रभर कोमट पाण्यात भिजवून, मटकीस मोड आणतो तसे ओल्या फडक्यात बांधून उबदार जागी ठेवावे आणि मोड दिसताच पिशव्यांत लावावे. पिशव्या शाळेच्या दक्षिणेकडील भिंतीशी ठेवाव्यात. भिंत दिवसा तापते व रात्री ऊब देते. जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात हे केले म्हणजे फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात रोपे जमिनीत जातात आणि काकडी एप्रिलच्या आत हाती येते. भेंडीस पिशवीचा खटाटोप नको. ती भिजवून फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात जागीच टोकावी. दोडका व दुधी मेपर्यंत चालतात. त्यांच्या वेली शाळेच्या कुंपणावर सोडाव्यात आणि सुटीतील पाणी व तोडणी शेजारच्या घराकडे सोपवावी, म्हणजे वेलही जगतो आणि बियाण्यासाठी राखलेला दुधी जूनमध्ये शाळा उघडताना वाळून तयार असतो.